टेक-ऑफनंतर लगेच पडलेल्या दुइंजिनी विमानाचा अहवाल कसा वाचायचा

अपघाताचा अहवाल पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका. सुरुवातीला सारांश असतो. तो वाचला की मत बनतं, आणि पुढची पानं माणूस नुसती मान डोलावत उलटतो. सारांश, विश्लेषण, निष्कर्ष, शिफारशी हे सगळं मागाहून. आधी मोडलेला पत्रा बघायचा, मग कागद, मग सेकंद.

मी इंदूरची, नारायण बागेत राहते. नोकरी विमानदुरुस्तीत झाली, आधी पिस्टन इंजिनं, मग टर्बोप्रॉप. आता निवृत्त आहे, पण भाचा निवृत्त होऊ देत नाही. त्याचं मल्टी-इंजिन रेटिंग, म्हणजे एकाहून जास्त इंजिनांचं विमान चालवायचा परवाना, चालू आहे, आणि जगात कुठंही छोटं विमान पडलं की त्याचा फोन येतो, "मावशी, इंजिन गेलं असणार, नाही?" सानंद संस्थेच्या नाटकाला गेलं तरी मध्यंतरात हाच प्रश्न. १२ जून २०२५ला अहमदाबादला एअर इंडियाचं ड्रीमलायनर पडलं, त्यानंतर तर आमच्या गल्लीत इंजिनाविषयी मत नसलेला माणूस उरलेला नाही. ते विमान मोठं, त्याची गोष्ट वेगळी. मी लिहितेय ते सहा-सात टनांपर्यंतच्या विमानांबद्दल: सेनेका, सेमिनोल, डायमंड, आणि आपल्याकडे मंत्र्यांना नि रुग्णांना घेऊन फिरणारं किंग एअर. किंग एअरचं नाव काढलं की आमच्याकडच्या मराठी मंडळींना माधवराव शिंदे आठवतात. पण ३० सप्टेंबर २००१चा तो अपघात दिल्लीहून कानपूरला जाताना वाटेत, मैनपुरीजवळ झाला. टेक-ऑफनंतरच्या अपघातांत तो मोजू नका. दोन्हींची तपासणी वेगळ्या रस्त्यानं जाते.

तीन अपघात, एक चित्र

वाचायला शिकायचं तर हे तीन शेजारी शेजारी ठेवा.

२२ डिसेंबर २०१५, दिल्ली. सीमा सुरक्षा दलाचं किंग एअर बी-२०० रांचीला निघालं. आत दहा जण, त्यांत बरेचसे हेलिकॉप्टर दुरुस्त करायला निघालेले तंत्रज्ञ, म्हणजे आमच्याच पेशातले. धुकं होतं. विमान उठलं, डावीकडे कलत वळत गेलं आणि द्वारकेजवळ कोसळलं. कुणी वाचलं नाही.

२१ फेब्रुवारी २०१७, मेलबर्नचं एसेंडन विमानतळ. तेच मॉडेल, बी-२००. एक पायलट, चार प्रवासी. उठलं, डावीकडे घसरत गेलं आणि दहाएक सेकंदांत शेजारच्या दुकानांच्या संकुलावर आदळलं. पाचही गेले.

३० जून २०१९, टेक्सासमधलं ॲडिसन. किंग एअर ३५०, दहा जण. उठलं, डावीकडे वळलं, कलंडत हँगरमध्ये घुसलं. दहाही गेले.

कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या माणसाला तिन्ही ठिकाणी जवळजवळ एकच दृश्य दिसलं असतं आणि त्यानं वार्ताहराला एकच वाक्य सांगितलं असतं. पण ॲडिसनला डाव्या इंजिनाचा जोर खरंच कमी झाला होता. एसेंडनला दोन्ही इंजिनं व्यवस्थित चालत होती, रडर म्हणजे शेपटीवरचं, पायानं फिरवायचं सुकाणू; ते एका बाजूला धरून ठेवणारं ट्रिम मात्र पार डावीकडे फिरवलेलं राहिलं होतं. आणि दिल्लीत, चौकशीनुसार, उठल्याबरोबर पुरेशी उंची येण्याआधीच ऑटोपायलट लावला गेला, तोही हेडिंग मोड (दिशा धरून ठेवायची सोय) न निवडता, आणि वाढत चाललेला डावा कल धुक्यात कुणी आवरला नाही.

त्यामुळे "डावीकडे वळून पडलं" यावरून काहीही ठरवायचं नाही. ठरवायचं ते प्रोपेलरवरून.

आधी १.१२ उघडा

आपल्या एएआयबीचे, म्हणजे विमान अपघात चौकशी संस्थेचे, अहवाल तिच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. ऑस्ट्रेलिया, अमेरिका यांचेही मिळतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १३ मध्ये अहवालाचा साचा ठरलेला आहे, त्यामुळे क्रमांक पाठ केले की शोधाशोध वाचते. १.१ उड्डाणाचा वृत्तांत, १.५ वैमानिक, १.६ विमान, १.७ हवामान, १.९ रेडिओ, १.१० विमानतळ, १.११ रेकॉर्डर, १.१२ अवशेष, १.१३ वैद्यकीय, १.१६ चाचण्या. मग २ विश्लेषण, ३ निष्कर्ष, ४ शिफारशी. अमेरिकेची चौकशी संस्था एनटीएसबी मांडणी जरा वेगळी करते, पण माल तोच.

१.१२ मध्ये प्रोपेलरचे फोटो असतात. ते शक्य तितके मोठे करून बघा. इंजिन जोरात असताना पातं जमिनीला लागलं की ते पिळवटतं, टोक पुढच्या बाजूला वळतं किंवा तुटून उडतं, पुढच्या कडेला खोल खाचा पडतात आणि ओरखडे पात्याच्या रुंदीच्या दिशेनं जातात. जोर नसलेल्या इंजिनाची पाती मऊपणे मागे वाकलेली असतात. एखादं तर सरळच राहतं, जणू त्याचा या प्रकाराशी काही संबंधच नव्हता. डावा आणि उजवा प्रॉप यांच्यात असा फरक दिसला तर इंजिनाचा प्रश्न खरा आहे. फरक नसेल आणि दोन्ही पिळवटलेले असतील तर इंजिनाचा नाद सोडा आणि ट्रिम, ऑटोपायलट, कंट्रोल लॉक, वजन यांकडे वळा.

जमिनीवरचे घाव त्याहून बोलके. फिरतं पातं मातीत किंवा डांबरात ठरावीक अंतरावर चरे पाडत जातं. तीन पात्यांचा प्रॉप मिनिटाला २,००० फेऱ्यांनी फिरत असेल तर मिनिटाला ६,००० घाव, म्हणजे सेकंदाला १००. दोन घावांत अर्धा मीटर अंतर असेल तर विमान सेकंदाला ५० मीटर चाललं होतं, म्हणजे साधारण ९७ नॉट (तासाला ९७ सागरी मैल). वेग रडारवरून माहीत असेल तर हाच हिशेब उलटा करून फेऱ्या काढतात. अहवालात अंतर दिलेलं असलं की मी स्वतः हिशेब मांडते आणि मग त्यांचा आकडा बघते. तुम्हीही मांडा, त्यात गणिताचं काही भय नाही.

यानंतर हबच्या आतल्या खुणा. आदळताना आतले भाग एकमेकांवर ठोकले जातात आणि त्यांवर ठसा उमटतो. त्यावरून त्या क्षणी पात्याचा कोन किती होता ते कळतं. इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी. इंजिन बंद पडल्यावर प्रॉप वाऱ्यानं फिरत राहिला तर तो केवढा तरी अडथळा करतो. तो थांबवायला पाती वाऱ्याच्या धारेत उभी करतात, त्याला फेदर करणं म्हणतात. बहुतेक दुइंजिनी विमानांत तेलाचा दाब पाती बारीक कोनाकडे ढकलतो, आणि दाब गेला की स्प्रिंग, वजनं किंवा नायट्रोजन त्यांना फेदरकडे नेतात. मग प्रश्न येईल की पिस्टन विमानात रोज इंजिन बंद केल्यावर प्रॉप फेदर का होत नाही? कारण फेऱ्या कमी झाल्या की आत खुंट्या अडकतात. पायपर सेमिनोलमध्ये हा आकडा ९५० आरपीएम आहे. त्याखाली गेलात की फेदर विसरा. म्हणून पिस्टन विमानाच्या अहवालात "प्रॉप फेदर झालेला नव्हता" असं वाचलं तर पायलटनं लिव्हर ओढलाच नाही असं लगेच समजू नका. इंजिन इतक्या झटक्यात थांबलं असेल की ओढूनही उपयोग नव्हता.

एक प्रॉप फेदर झालेला आढळला तर विचारायचं, कुठला? ४ फेब्रुवारी २०१५ला तैपेईत ट्रान्सएशियाचं एटीआर ७२ टेक-ऑफनंतर लगेच नदीत पडलं, ४३ जण गेले. उजवा प्रॉप आपोआप फेदर झाला होता आणि वैमानिकानं चालू असलेलं डावं इंजिन बंद केलं. एटीआर हलक्या विमानांत बसत नाही, पण चुकीचं इंजिन बंद होण्याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

आणखी एक सावधगिरी. पाती सांगतात ती आदळतानाची स्थिती, दहा सेकंद आधीची नव्हे. विमान ताब्यातून जाऊ लागलं की चालू इंजिनाचा जोर कमी करणं हा बरोबर उपाय आहे, कारण तोच जोर विमानाला फिरवत असतो. त्यामुळे दोन्ही प्रॉप जोराविना सापडले तर दोन्ही इंजिनं बंद पडली असं नाही. थ्रॉटल पायलटनंच मागे घेतले असतील. म्हणून प्रॉपबरोबर इंजिन उघडल्याचा मजकूर वाचायचा, तो बहुधा १.१६ मध्ये असतो. किंग एअरच्या पीटी-६ सारख्या टर्बाइनमध्ये फिरत्या चकत्या बाहेरच्या कवचावर घासून गोल ओरखडे पाडतात, ते असले की इंजिन फिरत होतं. पिस्टनमध्ये स्पार्क प्लगचा रंग, पिस्टनचा माथा, मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज देणारं यंत्र).

कॉकपिटमधल्या लिव्हरच्या जागेवर मात्र मी फार भरवसा ठेवत नाही. पंख किंवा इंजिन तुटताना केबल ओढली जाते आणि लिव्हर हलतात. जॅकस्क्रू हलत नाही. फ्लॅपचा आणि ट्रिमचा स्क्रू किती बाहेर आहे ते मिलिमीटरमध्ये मोजतात, आणि एसेंडनला रडर ट्रिमचं उत्तर अशाच मोजमापातून पक्कं झालं. बल्बसुद्धा साक्ष देतो. पेटलेल्या बल्बची तार गरम असते, धक्क्यानं ती लांबते. विझलेल्या बल्बची तार ताणत नाही, फार तर तुटते. इशाऱ्याच्या पॅनेलवर कुठले दिवे लागले होते हे त्यावरून कळतं.

१.६: विमानाचे कागद

हा भाग वाचकांना कंटाळवाणा वाटतो. मला सगळ्यात रसाळ वाटतो. शेवटचं काम कुठलं झालं, कधी झालं, कशावर झालं आणि सही झाल्यावर किती तास उडालं हे आधी काढा. इंजिन नुकतंच बदललेलं, कंट्रोल केबलला हात लागलेला, इंधन पंप उघडलेला, अशी नोंद दिसली की पेन्सिलनं खूण करा. टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या बिघाडांच्या वहीत, एकच स्नॅग (बिघाड) पुन्हा पुन्हा येतोय आणि पुढं "तपासलं, ठीक आढळलं" एवढंच लिहिलंय, तिथं दोन खुणा. किंग एअरच्या अहवालात पॉवर लिव्हरच्या फ्रिक्शन लॉकचा उल्लेख शोधा. तो सैल असेल तर टेक-ऑफला हात काढल्यावर लिव्हर आपणहून मागे सरकतो आणि इंजिन धडधाकट असूनही जोर जातो.

वजन बघताना एकूण आकड्यावर थांबू नका. गुरुत्वमध्य किती मागे होता ते बघा. तो जितका मागे, तितका रडरचा हात आखूड, आणि एका इंजिनावर विमान सरळ धरायला तितका जास्त वेग लागतो.

मग इंधन. नमुने कुठून घेतले? फक्त टाकीतून की बाउझरमधूनही, म्हणजे इंधन भरणाऱ्या टँकरमधूनही? पावसाळ्यात पाणी हा पहिला संशयित, टाकीच्या तळाचं ड्रेन घेऊन सकाळी ते तपासलं होतं का? आणि इंधनाचा प्रकार. एव्हगॅस १०० एलएल निळं असतं, जेट ए-१ बिनरंगी किंवा किंचित पिवळसर. ऑक्टोबर २०१९मध्ये अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कोकोमोला पायपर एरोस्टार या दोन पिस्टन इंजिनांच्या विमानात जेट इंधन भरलं गेलं. टेक-ऑफनंतर थोड्याच वेळात ते पडलं आणि पायलट गेला. अशा इंधनावर इंजिन सुरू होतं, टॅक्सी होतं, कारण पाइपात जुनं एव्हगॅस उरलेलं असतं. त्रास सुरू होतो तो नेमका पूर्ण जोर लावल्यावर.

दोन इंजिनं एकदम गेली म्हणजे इंधनच, असंही नाही. २००७मध्ये जर्मनीतल्या श्पायरला एका डायमंड डीए-४२ची बॅटरी उतरली होती. बाहेरची वीज लावून इंजिनं सुरू केली. उठल्यावर चाकं वर घेतली, त्या मोटरनं वीज ओढली, व्होल्टेज पडलं आणि दोन्ही इंजिनांचे संगणक एकाच वेळी रीसेट झाले. दोन्ही प्रॉप थांबले. इंजिनं दोन होती, वीज एकाच घरची होती. भाचा डायमंडवरच शिकतोय, त्याला हा अहवाल मी जबरदस्तीनं वाचायला लावला.

१.७ आणि १.१०: इंदूरची मे महिन्यातली दुपार

हवामान म्हटलं की लोक वारा नि पाऊस बघतात. टेक-ऑफच्या अपघातात तापमान आधी बघा आणि विमानतळाची उंची त्याच्या शेजारी लिहा. आपल्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळाची उंची सुमारे १,८५० फूट आहे. त्या उंचीवर प्रमाण तापमान ११ अंशांच्या आसपास धरतात. मे महिन्यात दुपारी ४० असतं. फरक २९ अंश, दर अंशाला साधारण १२० फूट, म्हणजे ३,४८०. विमानाच्या पंखांना, प्रॉपला आणि इंजिनाला तेव्हा ५,३०० फुटांवरची हवा मिळते.

आता सेमिनोलचा कागद काढा. दोन्ही इंजिनांवर ते मिनिटाला हजार फुटांहून जास्त चढतं. एका इंजिनावर, समुद्रसपाटीला, प्रमाण हवेत, पूर्ण वजनानिशी २१२ फूट. जोर निम्मा गेला, चढाई ऐंशी टक्क्यांहून जास्त गेली. आणि एका इंजिनावरची त्याची सर्व्हिस सीलिंग ३,८०० फूट, म्हणजे तिथं चढाई मिनिटाला ५० फुटांवर येते. ३,८०० आणि ५,३०० हे दोन आकडे कागदावर एकाखाली एक लिहा. इंदूरला त्या दुपारी भरलेलं सेमिनोल एका इंजिनावर चढणारच नाही, पायलट कितीही तरबेज असो. तेच विमान, तेच ऊन वडोदऱ्याच्या हरणी विमानतळावर असेल तर आकडा ३,२०० च्या घरात येतो. तिथं ते चढेल, पण कसं चढेल ते विचारू नका.

जुन्या अमेरिकी नियमात तर ६,००० पौंडांपर्यंतच्या आणि ६१ नॉट किंवा त्याखाली स्टॉल होणाऱ्या (म्हणजे वेग पडून पंखाची उचल संपणाऱ्या) दुइंजिनी विमानानं एका इंजिनावर चढून दाखवावं अशी अटही नव्हती. आकडा शून्याखाली असला तरी चालेल, पुस्तकात छापा, एवढंच. "दोन इंजिनं आहेत, एक गेलं तर दुसरं आहे" हे घराघरात बोललं जातं. प्रत्येक अहवालात ते त्या दिवसाच्या आकड्यांवर तपासून बघा.

१.१० मध्ये धावपट्टीच्या टोकापुढं काय आहे ते बघायचं: शेत, वस्ती, टेकडी, विजेच्या तारा. आपल्याकडं बाजूलाच बिजासनची टेकडी आहे. समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेतही सेमिनोलला एका इंजिनावर, ८८ नॉटला, एका सागरी मैलात दीडशे फूटसुद्धा मिळत नाहीत. धावपट्टीवर काय होतं तेही इथंच सापडतं. ६ मे २०२१ला मध्य प्रदेश सरकारचं किंग एअर ग्वाल्हेरला उतरताना अरेस्टर बॅरियरला, म्हणजे लढाऊ विमानं अडवायच्या जाळीला, धडकलं होतं, आत रेमडेसिव्हिरची खोकी होती. तो उतरतानाचा अपघात, पण हवाई दलाच्या धावपट्टीवरचा अहवाल उघडला की १.१० वगळायचा नाही हे त्यातून शिकावं.

आता १.१: सेकंदांची पट्टी

एवढं झाल्यावर उड्डाणाचा वृत्तांत वाचा, आणि नुसता वाचू नका. कागदावर आडवी रेघ ओढा. धाव सुरू, चाकं सुटली, गिअर वर, नाक पहिल्यांदा वळलं, सर्वाधिक उंची, शेवट. प्रत्येकाखाली सेकंद, वेग आणि उंची. मजकूर १.१, १.९ आणि १.११ मधून वेचावा लागतो, कारण तो तीन ठिकाणी विखुरलेला असतो. छोट्या विमानात डेटा रेकॉर्डर नसतोच बऱ्याचदा. एसेंडनच्या विमानात कॉकपिटमधला आवाज टिपणारं यंत्र होतं, पण त्याचा धक्क्याचा स्विच आधीच पडलेला होता आणि त्या उड्डाणाचं काहीच ध्वनिमुद्रण झालं नाही. ॲडिसनला उलट झालं, प्रॉपच्या आवाजाच्या कंपनांवरून कुठल्या इंजिनाचा जोर कधी उतरला ते काढता आलं.

पट्टीवर दोन वेग आखायचे. एक लाल रेघेचा, त्याखाली एका इंजिनावर रडर पुरा पडत नाही. दुसरा निळ्या रेघेचा, ज्याला एका इंजिनावर सर्वांत चांगली चढाई मिळते. सेमिनोलला ते ५६ आणि ८८ नॉट. किंग एअरला आकडे वेगळे, अहवालात मिळतील. निळ्या रेघेखाली विमान असताना इंजिन गेलं असेल तर आधीच गणित अवघड. लाल रेघेखाली गेलं तर चालू इंजिन स्वतःच विमानाला उलटवायला निघतं.

लाल रेघेचा आकडा दगडावरची रेघ मानू नका. तो मोजताना पायलटला चालू इंजिनाकडे पाच अंशांपर्यंत पंख झुकवायची मुभा असते. पंख सपाट ठेवले तर दर अंशामागे साधारण तीन नॉट वाढतात, म्हणजे ५६ चे ७० होतात. विमान मेलेल्या इंजिनाकडे झुकलं असेल तर त्याहून जास्त. उष्ण, विरळ हवेत साध्या पिस्टन इंजिनाचा जोर घटतो म्हणून लाल रेघ खाली सरकते. ऐकायला बरं वाटतं, पण स्टॉलचा वेग तिथंच राहतो. त्यामुळे आपल्यासारख्या उन्हाच्या गावात पाय अजून पुरत असतानाच पंख स्टॉल होऊ शकतो, आणि तेव्हा विमान गिरकी घेतं.

या पट्टीवर मग माणसाची कृती लावा. इंजिन गेलं की शिकवतात ते असं: ज्या पायाला जोर लावायची गरज नाही, त्या बाजूचं इंजिन मेलेलं. मग खात्री करायची, थ्रॉटल मागे घेऊन बघायचा, आणि नंतरच फेदर. ॲडिसनला एनटीएसबीच्या हिशेबात डावं इंजिन ढिलं पडल्यावर आधी डावा रडर दिला गेला, हवा होता उजवा. जोर मुळात का उतरला, हे मात्र शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. एसेंडनच्या पायलटनं रेडिओवर सात वेळा "मेडे" म्हटलं. त्या पट्टीवर बोलण्याला किती जागा होती ते बघा, म्हणजे १.९ वाचताना "त्यानं काय बिघडलं ते सांगितलं का नाही" असा प्रश्न पडणार नाही.

१.५ लवकर आटपतं. एकूण तासांचा आकडा फसवा असतो. त्या मॉडेलवरचे तास, गेल्या ९० दिवसांतले तास आणि एका इंजिनाचा सराव शेवटचा कधी, विमानात की सिम्युलेटरवर, हे तीनच बघा.

१.१३ बद्दल एकच सांगते. तुमचं कुणी त्या विमानात असेल तर तो भाग आणि १.१२ चे फोटो दुसऱ्या कुणाला वाचायला सांगा. बाकी अहवाल त्याशिवायही पूर्ण कळतो.

आता मत वाचा

इथं येईपर्यंत तुमच्याकडे कागदावर एक पट्टी, दोन प्रॉपचा निकाल आणि काही खुणा जमलेल्या असतील. आता विभाग २ उघडा आणि तपासा की तुमच्या प्रत्येक खुणेला त्यात उत्तर आहे का. पुरावा १.१२ मध्ये आलाय पण विश्लेषणात गायब झालाय, असं दिसलं तर तिथं थांबा. उलटही होतं, विश्लेषणात एखादी गोष्ट ठामपणे येते आणि भाग १ मध्ये तिचा मागमूस नसतो. माझा भाचा अशा ठिकाणी चिडतो. मी म्हणते, चिडण्यापेक्षा पान नंबर लिहून ठेव.

प्राथमिक अहवाल आणि अंतिम अहवाल यांची गल्लत करू नका. प्राथमिक साधारण तीस दिवसांत येतो आणि त्यात घडलेलं मांडलेलं असतं, कारण नसतं. अहमदाबादचा १२ जुलै २०२५ला आला. त्यात इंधनाचे दोन्ही स्विच सुमारे एका सेकंदाच्या अंतरानं "कट-ऑफ"ला गेल्याची नोंद होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाता खाता लोकांनी निकाल देऊन टाकला. परिशिष्ट १३ मध्ये चौकशीचा हेतू अपघात टाळणं एवढाच लिहिलाय, दोष वाटणं हे तिचं काम नाही. निष्कर्षात "संभाव्य कारण" म्हणून एखादंच वाक्य असतं, त्याखालच्या "कारणीभूत घटकां"ची यादी लांब असते. वर्तमानपत्र पहिलं वाक्य उचलतं. तुम्ही यादी वाचा. संस्थेनं सराव दिला होता का, चेकलिस्ट कशी वापरली जात होती, देखरेख कुणाची होती, ते तिथं असतं. एसेंडनचं ट्रिम चेकलिस्टमध्ये एकदा नाही, अनेकदा हाताखाली येतं.

शेवटी विभाग ४. शिफारस कुणाला उद्देशून आहे ते बघा: डीजीसीए, कंपनी, विमानतळ की निर्माता. ती मोजता येईल अशी आहे का, की "योग्य ती काळजी घ्यावी" छापाची? मोजता येणारी असेल तर वहीत तारखेनिशी उतरवा, आणि त्याच प्रकारच्या विमानाचा पुढचा अहवाल आला की त्याच्या १.१७ मध्ये, म्हणजे संस्था आणि व्यवस्थापनाच्या भागात, ती शोधा.